ताईची चाल

डॉक्टरांनी हात टेकल्यावर ताई घरी आली, तेव्हा धाकट्या बहिणीने तिच्या पलंगावर राक्षस आणि जादूगारांच्या लढाईचा खेळ मांडला. खेळण्यातलं अख्खं सैन्य विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुरुवातीला शर्टाची बटणंच लढली. मग जमेल तसा एकेक बोटाएवढा योद्धा येत गेला. धाकटी ती कामाला होती त्या पार्लरमधलं उरलंसुरलं नेलपॉलिश आणायची, ताई हौसेने रंगवायची. आज ड्रॅगन आला, पण ताईच्या बोटांत ब्रश ठरेना. “तूच रंगव.” “कोणता रंग?” “आवडेल तो. पुढे तुलाच खेळायचंय.” धाकटीने मान वर केली नाही. “एकटीने कसं खेळतात गं?” ताईने धापा टाकत समजावलं. “एक चाल झाली की उठून माझ्या जागेवर बसायचं. आणि मी नाही म्हणून मला मुद्दाम जिंकवायचं नाही.” धाकटी ‘बरं’ म्हणाली. तेवढं मात्र आपल्याच्याने होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.