बंद पडलेलीच बरी

जेवणाच्या टेबलावर धाकटा दीर बंद पडलेली हार्ड डिस्क दुरुस्त करत होता आणि समोर सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. गेलेल्या सासऱ्यांचा आवाज तेवढा त्या एकाच डिस्कवर होता.

"आई, फिरतेय गं ती, पण आपण कोण, केवढ्या, हेच विसरलीय. तिचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्राम, बिघडलाय. तो परत भरतो."

"भर बाबा. त्यांची एक हाक ऐकू दे, मग खुशाल बिघडू दे मेलीला."

थोरली सून दारात उभी राहून ऐकत होती. डिस्क बिघडण्याच्या आठवडाभर आधी, जागा हवी म्हणून, तिनेच सासऱ्यांचा आवाज असलेला फोल्डर न उघडताच पुसून लेकीच्या नाचाचे व्हिडिओ भरले होते. डिस्क बंद पडली तेव्हा देवानेच लाज राखली, असं तिला वाटलं होतं. आताही ती त्यालाच विनवत होती, सुरू होऊ देऊ नकोस रे.

डिस्क सुरू झाली. दिराने खालीवर शोधलं, नाचाच्या व्हिडिओंच्या तारखा पाहिल्या, मग वहिनीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

"काय रे, लागली का?"

त्याने केबल उपटली. "नाही गं आई. माझ्याच हातून गेली."