शेहेचाळीस पौंड

“शेहेचाळीस?” वागिमानने रॅकेट तारा ओढायच्या यंत्रावरून पुन्हा खाली काढली. “तुझ्या तारांना ताण चौपन्न पौंडांचा. आठ वर्षं मीच ओढतोय.”

“या वेळी शेहेचाळीस, पाकदे. दोन्ही रॅकेटना.” दनांगने दाराकडे पाहिलं. बाहेर त्याच्या जपानी प्रतिस्पर्ध्याचा प्रशिक्षक घुटमळत होता. दनांगचा आवाज आणखी खाली गेला. “आणि कुणाला बोलू नका हं.”

सगळेच खेळाडू वागिमानला पाकदे, म्हणजे मोठे काका, म्हणत. पण आज ते ऐकून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत घरचा खेळाडू पहिल्यांदाच पोचला होता. अशा ऐन वेळी कोण तारा सैल करून घेतो? सवय नसलेल्या माणसाचा चेंडू सैल तारांवरून हमखास रेषेबाहेर जातो. ज्याला हरायचंच आहे, त्याला याहून सोयीचं काय?

त्यात कालची गोष्ट. हॉटेलमागच्या टपरीवर दनांग एका परक्या माणसाशी डोक्याला डोकं लावून बसला होता. झकपक शर्ट, कातडी बॅग. वागिमान जवळ जाताच दोघं गप्प. सामने विकले जातात हे काय वागिमानला ठाऊक नव्हतं? खेळाडूंच्या खोलीत तशी ताकीदच डकवलेली होती: संशय आला तर कळवा. कळवलं तर पोराच्या खेळावर जन्माची बंदी. नाही कळवलं तर पोरगा त्या बॅगवाल्याच्या खिशात.

वागिमानने लवंगेची सिगारेट पेटवली, अर्धी ओढून विझवली आणि मधला रस्ता काढला. दोन्ही रॅकेटच्या तारा त्याने चौपन्नवरच ओढल्या. दांड्याजवळच्या पट्टीवर मात्र ठसठशीत ‘४६’ लिहिलं. आता हरून दाखव बेट्या, असं तो यंत्रालाच म्हणाला.

पहिला सेट दनांगने सहा-चार जिंकला. वागिमान जाळीमागे उभा राहून गालातल्या गालात हसला. दुसऱ्या सेटमध्ये दनांगने दोनदा तारा बोटांनी दाबून पाहिल्या, पट्टीवरचा आकडा वाचला आणि तसाच खेळत राहिला. मग तो हात झटकू लागला. सर्व्हिस मंदावली.

“काय झालं हो याला?” शेजारच्या सरबतवालीने विचारलं.

“नाटकं,” वागिमान म्हणाला. “चांगली बसवलेली नाटकं.”

तो सेट गेला. तिसरा सहा-एक असा गेला. वागिमानचा संताप मावेना. नेहमीचा ताण देऊनही हा पठ्ठ्या हरला होता!

संध्याकाळी दनांग त्याच्याकडे आला. सोबत तोच बॅगवाला. वागिमानने मान वर केली नाही.

“किती मिळाले?”

“कसले?” दनांग गोंधळला. “पाकदे, हे डॉक्टर हर्यादी. योग्याकर्ताहून आलेत, माझ्या कोपरासाठी. जपान्याला कळलं असतं, तर त्याने सामना लांबवून लांबवून माझा हात पार मोडला असता. म्हणून चोरून भेटत होतो.”

वागिमानच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

“सैल तारांनी हाताला हिसका कमी बसतो,” दनांग सांगत होता. “डॉक्टर म्हणाले, एक सामना तसा खेळून बघ. कोपर तगलं तर खेळत राहा, नाही तगलं तर थांब. नाही तगलं. भावाला कळवलं, खेळ सोडून पुढच्या महिन्यापासून तुझ्या दुकानात बसतो म्हणून.” तो ओशाळं हसला. “गंमत सांगू? तारा मला नेहमीइतक्याच कडक लागत होत्या. मग म्हटलं, पाकदेंचा आकडा कसा चुकेल? माझाच हात खोटं बोलतोय.”

वागिमानला आपण ओढलेला चौपन्नचा ताण आठवला. गप्प बसला तर कुणालाही कळणार नव्हतं. बोलला तर कुठल्याच स्पर्धेत कुणी त्याच्या हाती पुन्हा रॅकेट देणार नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पोराकडे बघवेना. डॉक्टर निरोप घेऊन दारापर्यंत पोचलेही होते.

“डॉक्टर, थांबा,” तो ओरडला आणि दनांगकडे वळला. “तुझा हात खरंच बोलत होता, पोरा. खोटं मी लिहिलं.”