उगाच कशाला त्रास

घंटा वाजली तेव्हा ताईने मान वर करूनही पाहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नकाशे काढणाऱ्या ऑफिसात दर काही महिन्यांनी आगीचा सराव व्हायचा. सगळं टेबलावर तसंच सोडून मंडळी जिन्याने खाली पळायची, आणि चाकाच्या खुर्चीतली ताई वरच थांबायची. तिला सरावातून सूट होती.

"बसा हो तुम्ही, तुम्हाला उगाच कशाला त्रास?" साहेब जाता जाता म्हणाले. माणूस भला.

"ताई, नेहमीचाच ना? साखर कमी?" शेजारच्या टेबलावरचा रेडिओ ओरडला. ह्याचं तोंड कधी बंद पडत नाही म्हणून त्याचं हे नाव. सरावाच्या नावाखाली समोरच्या टपरीवरचा चहा पदरात पाडून घ्यायचा, ही त्याचीच युक्ती. येताना तो तिच्यासाठीही एक कप आणायचा.

ताई हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिला वास आला.

जळक्या वायरचा वास. ती खुर्ची ढकलत जिन्याच्या तोंडाशी गेली. खालच्या मजल्यावरून धूर वर येत होता, सावकाश, घाई नसल्यासारखा. लिफ्टचा दिवा विझलेला. घंटा झाली की लिफ्ट बंद पडते, हे तिला ठाऊक होतं. भिंतीवर बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा होता, तिनेच काढलेला. त्यातले सगळे लाल बाण जिन्याने खाली उतरत होते.

पायांनी केव्हाच साथ सोडली होती, आता हातही गळाले. घामेजलेले तळवे चाकांवरून निसटू लागले. तिने रेडिओला फोन लावला. फोन त्याच्याच टेबलावर वाजला. सगळं सोडून निघायचं, हा नियम आज त्याने नेमका पाळला होता.

ती खिडकीशी गेली. खिडकी वीतभरच उघडायची. खाली रस्त्यापलीकडे सगळे जमले होते, हसत होते, कुणी उन्हात आळस देत होतं. घंटेपुढे तिची हाक तिलाच ऐकू येईना. तिने दोन्ही हात हलवले, काचेवर मुठी आपटल्या.

साहेबांनी वर पाहिलं. दर सरावाला तिने खिडकीतून हात हलवला की पाहायचे, तसंच. आणि नेहमीसारखा अंगठा दाखवला. सगळं ठीक.

ताई रडायला लागली. आपण मरणार, आणि ही माणसं खाली उभी राहून आपल्याला हात हलवत राहणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मागून धूर आत शिरला. तिने ओढणी नाकावर धरली, पण काच सोडली नाही.

रेडिओ टपरीवरून दोन कप घेऊन रस्ता ओलांडत होता. नेहमीप्रमाणे त्याने वर बघून तिचा कप उंचावला. हात तसाच राहिला. खालच्या मजल्याच्या खिडकीतून धुराची लकेर बाहेर पडत होती आणि वरच्या काचेमागे ताईचा चेहरा होता. दोन्ही कप त्याच्या हातातून पडले.

तो वर पोचला तेव्हा खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले होते. "उचलू? खांद्यावर घेऊ?"

"पडशील मला घेऊन. ती खुर्ची काढ!"

जिन्याजवळ भिंतीला केशरी खुर्ची टांगलेली होती. चालता न येणाऱ्या माणसांना जिन्यावरून उतरवायची. तपासणीला माणसं येणार होती तेव्हा आणली, त्या खुर्चीसमोर सगळ्यांचा फोटोही निघाला. वरचं प्लास्टिक मात्र खराब होऊ नये म्हणून कुणी काढलं नव्हतं. रेडिओने ते दातांनी फाडलं. खुर्ची उघडेना.

"मागचा खटका!" ताई खुर्चीवर चिकटवलेली सूचनांची चित्रं वाचत ओरडली. "तो नाही, खालचा! दाब!"

खुर्ची एकदम उघडली. रेडिओने तिला जेमतेम सरकवलं, पट्टा आवळला. पहिल्या पायरीवर खुर्ची पुढे कलली आणि ताईने डोळे गच्च मिटले.

"सोडू नकोस रे."

"जीव गेला तरी सोडणार नाही, ताई."

"जीव नको देऊस. दांडा धर."

त्याने दांडा घट्ट धरला. एकेका पायरीवर खुर्चीखालच्या रबरी पट्ट्यांची घरघर, धूर, खोकला, पुन्हा पायरी. दुसऱ्या मजल्याचं दार गरम होतं, ते तिला हात न लावताच कळलं. ती मनात पायऱ्या मोजू लागली आणि भीतीने पुन्हा पुन्हा चुकली.

दारातून उजेड आला तेव्हा लोक धावत पुढे आले. दूर कुठेतरी बंबाची घंटा ऐकू येत होती. केशरी खुर्चीत ताई रस्त्याच्या मधोमध बसली होती, आणि रेडिओची बाही तिने मुठीत धरून ठेवली होती. बाहीवर चहा सांडलेला. रेडिओ काहीच बोलत नव्हता.

साहेब गर्दीतून पुढे आले. "ताई, अहो, तुम्ही हात हलवलात… मला वाटलं, नेहमीसारखंच. दर वेळी आपण म्हणतो ना, तुम्हाला उगाच कशाला त्रास…"

ताईने ओढणी नाकावरून काढली. खोकला ओसरेपर्यंत थांबली.

"पुढच्या सरावाला," ती म्हणाली, "मला त्रास द्या."