खांबावरचा हात

जवळ सरका, मायबापहो. रावेन्ना शहरातल्या एका भिंतीची गोष्ट सांगतो. कान इकडे आणि चित्त देवाकडे असू द्या.

तिथं राज्य करणाऱ्या, वेगळ्या पंथाच्या गॉथ लोकांचा राजा गेला, राज्यही गेलं. नवे बिशप म्हणाले, "देवळाच्या भिंतीवर गॉथाचं एक बोट जरी दिसलं, तर अख्खी भिंत पाडीन!"

ती भिंत तरुणपणी उर्सुस कारागिरानंच रंगीत काचतुकड्यांनी मढवली होती. ती वाचावी म्हणून त्यानं आपल्याच हातानं चित्रातला राजा उखडला, दरबारी उखडले आणि चित्रातल्या खांबांमधे काचांचेच पांढरे पडदे भरले.

सणाच्या सकाळी त्याची बायको प्रोबा ओरडली, "अहो, माणसं काढलीत नि हात विसरलात की!"

खरंच की! दरबारातल्या इग्गिला गवयाचा ठेका धरणारा हात पडद्याबाहेर, खांबावर तसाच राहिला होता. उर्सुस धावत शिडी चढला, हात काढला, खांब कोरा केला.

"सुटलो गं!"

तेवढ्यात बिशप आत आले, मागोमाग सारं गाव. स्तोत्राचा असा जल्लोष उठला की ऊर भरून यावा!

पहिल्या कडव्याला वर खांबावर टकटक झाली, अगदी तालात. गाणारे अडखळले, पण ठेका चालूच राहिला.

उर्सुसनं वर पाहिलं. पडद्याच्या कडेला, आतल्या बाजूनं, चार बोटं आली होती.

बिशपही वरच पाहत होते. "गाणं थांबवू नका," ते पुटपुटले, "कुणीही थांबू नका."

काचेचा पडदा हळूच बाजूला सरकू लागला.

मायबापहो, गाताना इग्गिलाची आठवण ठेवा.