एका घरात दोन आर्किटेक्ट

“लग्नानंतर कॉलेज बंद,” बाळाजीराव शहाळ्याचा घोट घेत म्हणाले. “एका घरात दोन आर्किटेक्ट हवेत कशाला?”

मुलीच्या वडिलांनी, धर्माजींनी, लगेच मान डोलावली. कोकिळा मुंबईला आर्किटेक्टचं शिकते म्हटलं, की आलेली स्थळं उंबऱ्यावरूनच परतत. पोरगी गवंडी होणार, असं सारं श्रीवर्धन म्हणे. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं झाली होती. मुलींपर्यंत पोचायला त्याला बहुधा बोट मिळाली नव्हती.

बाळाजीराव रेवदंड्याचे बागाईतदार. त्यांचा मुलगा दत्तात्रेय त्याच कॉलेजात, कोकिळेच्या आधी गेलेला. ती शेवटच्या वर्षाला पोचली. हा तिसऱ्यातच मुक्काम ठोकून होता.

“घाईनं शिकलेलं टिकत नाही,” बाळाजीराव कौतुकानं म्हणाले. धर्माजींना तेही पटलं. मुलीच्या बापाला अशा दिवशी सगळंच पटतं.

“पोरीची कला काय वाया जायची न्हाय हो,” मुलाची आई सखुबाई म्हणाली. “दुपारची कामं आटपली, की दत्तूचे नकाशे काढील. मग बघते कसा पास होत न्हाय तो!”

डोलायला निघालेली धर्माजींची मान मध्येच थांबली.

“म्हणजे अभ्यास हिनं करायचा,” ते सावकाश म्हणाले, “आणि पदवी तुमच्या मुलाला?”

“पदवी घरातच राहते ना!” बाळाजीराव हसले.

धर्माजी पाहुण्यांना वाटेला लावण्यासाठी शब्द शोधू लागले. असले शब्द त्यांनी आयुष्यात वापरले नव्हते, त्यामुळे जरा वेळ लागला. तेवढ्यात, आल्यापासून गप्प बसलेल्या दत्तात्रेयानं तोंड उघडलं.

“बाबा, मला एक रेघ सरळ ओढता येत नाही. मास्तरांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही. कॉलेज मी सोडतो, बाग बघतो. ह्यांना शिकू द्या. आणि भात-आमटी मला चांगली जमते. खोलीवर सगळ्यांचं मीच करतो.”

सखुबाईनं पदर तोंडाला लावला. बाळाजीरावांच्या हातातलं शहाळं धोतरावर कलंडलं.

इतका वेळ दाराशी खाली मान घालून बसलेल्या कोकिळेनं मान वर केली. एवढी वर्षं एका कॉलेजात असून पाहिलं नव्हतं, इतकं नीट तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“दादा, मुलगा पसंत आहे.”