डावी बाजू दबलेली

"उलटा घालून बघा," घड्याळवाली म्हणाली.

चष्मेवाल्याला हसूच आलं. वीस वर्षं तो या हेडफोनवेड्यांच्या बैठकीला येत होता. कुणी नवा हेडफोन आणला की आधी त्याच्या कानाला लागायचा, मग बाकीच्यांच्या. आणि वर्षभरापूर्वी आलेली ही बाई त्याला हेडफोन कसा घालायचा ते शिकवत होती.

बैठक महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायची. पंधरा-वीस माणसं हेडफोन, ॲम्प्लिफायर आणि वायरींची भेंडोळी घेऊन यायची आणि एकमेकांचे हेडफोन कानाला लावून मुकाट बसायची. बाहेरच्याला वाटावं, शोकसभा आहे. कोपऱ्यात अदलाबदलीचं टेबल असायचं. तिथे ठेवलेल्या वस्तूला मालकानं आपल्या अक्षरात तिचा दोष लिहून चिठ्ठी बांधायची, हा बैठकीचा जुना रिवाज. चिठ्ठीतला दोष सापडलाच नाही, तर घेणाऱ्यानं वस्तू चिठ्ठीसकट परत करायची.

सहा महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यानं आपला सगळ्यात लाडका हेडफोन त्या टेबलावर ठेवला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'डावी बाजू दबलेली. बाकी उत्तम.' जिवावर आलं होतं, पण करतो काय? आधी वायर बदलून पाहिली, मग कानावरच्या गाद्या, मग ॲम्प्लिफायर. डावीकडचा आवाज काही वर येईना. नवा हेडफोन आणला तर त्याचंही तेच. हल्ली माल कसला येतो बघा, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

घड्याळवालीनं तो हेडफोन नेला, डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावून उघडला, महिने-महिने वापरला आणि आज चिठ्ठीसकट परत आणला. दोष सापडला नाही म्हणाली.

खरं तर आज त्याचं चित्त बैठकीत नव्हतंच. घरी दाराशी बायकोची बॅग भरून ठेवलेली होती. संध्याकाळी सातच्या बसनं ती ताईकडे, थोरल्या बहिणीकडे चालली होती. कायमची. तेही त्याला कळलं ते ताईचाच फोन आला तेव्हा. तीस वर्षांचा संसार आणि तोंडातून एक शब्द नाही! हे त्याला फार लागलं होतं. मग त्यानंही काही विचारलं नाही. जायचं तर जा.

अबोला तरी किती दिवस धरावा माणसानं? मुळात ती हळू बोलणारी, पण आताशा जेवताना, गाडीत, अंथरुणावर, शेजारी असून घुम्यासारखी. फोनवर मात्र त्याच्याशी नीट बोलायची. म्हणजे आपण समोर नको आहोत, असा अर्थ त्यानं काढून ठेवला होता. तोही मग रेडिओ लावून जेवायचा. ती काही पुटपुटली तर मान न वळवता "हं" म्हणून मोकळा व्हायचा.

त्यानं हेडफोन घातला. डावीकडे तेच. गाणारा भिंतीपलीकडे बसल्यासारखा. आता निव्वळ तिच्या समाधानासाठी त्यानं तो काढून उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्या कानावर. आता दोष उजवीकडे जायला हवा होता.

तो गेला नाही. होता तिथेच, डावीकडे राहिला.

चष्मेवाल्यानं हेडफोन सुलटा केला. पुन्हा उलटा केला. इतकी साधी तपासणी, नवख्याला पहिल्या दिवशी सांगतात. पण स्वतःच्या कानावर शंका घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याच्या चष्म्याच्या दुकानात रोज कुणीतरी यायचं, नवा चष्मा काउंटरवर आपटायचं, काच चुकीची म्हणायचं. तो त्यांचा एकेक डोळा झाकून दाखवायचा की काच बरोबर आहे. अशा गिऱ्हाइकांचे किस्से तो याच हॉलमध्ये रंगवून सांगायचा.

घड्याळवालीनं चिठ्ठी सोडली आणि त्याच्या हातात ठेवली. बिचारीला वाईट वाटलं असावं.

जिना उतरताना तो घरातली एकेक जागा आठवत गेला. जेवणाच्या टेबलाशी बायको डावीकडे बसायची. गाडीत डावीकडे. अंथरुणावर डावीकडे. फोन तेवढा तो उजव्या कानाला लावायचा.

तो घरी पोचला तेव्हा सव्वासहा झाले होते. बायको बाहेर जायच्या कपड्यांत, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली होती. त्यानं रेडिओ बंद केला. आपली खुर्ची उचलून तिच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली आणि बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या उजवीकडे आली.

त्यानं तिच्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि सांगितलं की दोष हेडफोनचा नव्हता, डाव्या कानानं आपल्याला नीट ऐकूच येत नाही. कधीपासून, देव जाणे.

तिनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग नेहमीच्याच हळू आवाजात बोलली. शब्द न् शब्द त्याच्या कानात शिरला.

"मी तीनदा विचारलं होतं तुला. इथेच, जेवताना. मी ताईकडे जाऊन राहू का, असं. तिन्ही वेळा तू हं म्हणालास."

चष्मेवाल्यानं उजवा कान तिच्याकडे केला.

"परत विचार," तो म्हणाला.