घुमटीतलं पाणी

अताकामाच्या वाळवंटातल्या चांदीच्या जुन्या खाणी पायी फिरवून दाखवण्यात रेमिखिओचा हात धरणारा कुणी नव्हता. पाठीवर मात्र पाण्याची एकच बाटली, तीही दुपारीच संपलेली. तरी गडी आपला शीळ घालत दगडधोंड्यांतून चालला होता.

खाणी बघायला त्याच्यामागून येणाऱ्या ओतिलियानं विचारलं, "एवढंसं पाणी पुरतं तुम्हाला?"

"न पुरायला काय झालं, बाई? पुढच्या खिंडीत तहानेनं मेलेल्या बाईची घुमटी आहे. येणारा-जाणारा तिच्यापुढे भरलेली बाटली ठेवतो, आणि दर खेपेला मी सगळ्या रिकाम्या करतो." त्यानं डोळा मिचकावला. "मेलेल्याला कसली आलीय तहान!"

जे त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, ते ओतिलियानं ऐकलं.

घुमटीपाशी पोचताच त्यानं एक बाटली तोंडाला लावली आणि थू थू करत फेकून दिली. दुसरीही तशीच. तिसरीही खारट.

"कुठल्या हरामखोरानं समुद्राचं पाणी भरलंय यात?"

"मी. परवाच येऊन भरलं."

त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या पाण्याच्या कॅनकडे गेली. "बाई, एक घोट तरी द्या. जीव जाईल माझा!"

ओतिलिया सावकाश, पोटभर प्यायली. उरलेलं पाणी तिनं त्याच्या डोळ्यांदेखत वाळूत ओतून टाकलं.



"घुमटीत पाणी असेल, या आशेवर माझा नवराही इथवर रांगत आला होता."